पत्र्यापलीकडचा ठोका

१९९६ साली भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी सहा महिने डॉली धरण्याचे काम केले. विमानाच्या सुट्या भागांची कामे घेणारे ते वर्कशॉप आता राहिलेले नाही. त्या जागी टायरचे गोदाम झाले आहे. डॉली म्हणजे तळहातात मावेल असा पोलादाचा जड, गुळगुळीत ठोकळा. विमानाच्या पत्र्याला रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे जोडणारी धातूची खीळ, मारताना एक माणूस बाहेरून ठोके देणारी गन धरतो आणि दुसरा आतल्या बाजूने, रिव्हेटच्या शेपटीवर, हा ठोकळा दाबून उभा राहतो. गनचे ठोके रिव्हेटमधून डॉलीवर येऊन आदळतात आणि मध्ये सापडलेली शेपटी चेपून तिचे बुटके, चपटे डोके तयार होते. हे डोके रिव्हेटच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंद आणि निम्म्याइतके उंच झाले की रिव्हेट बसला असे मानतात. गंमत अशी की गन मारणाऱ्याला ते डोके कधीच दिसत नाही आणि डॉलीवाल्याला बाहेरचे काही दिसत नाही. दोघांच्या मध्ये पत्रा असतो, आणि गनचा आवाज असा असतो की ओरडून उपयोग नसतो.

म्हणून बोलणे पत्र्यातूनच होते. आतल्याने रिव्हेटवर डॉलीने एकदा ठोकले की अर्थ असा, अजून बसलेला नाही, पुन्हा मार. दोनदा ठोकले की झाला, पुढचा घे. तीनदा ठोकले की बिघडला, काढून टाक. ही भाषा आमच्या वर्कशॉपमध्येच जन्मली असावी असे मला तेव्हा वाटे. पुढे पुष्कळ वर्षांनी कळले की अमेरिकेतल्या विमान मेकॅनिकांच्या सरकारी शिक्षणसाहित्यातही एक, दोन आणि तीन ठोक्यांचे हेच अर्थ छापलेले आहेत. ज्यांनी एकमेकांचे देश कधी पाहिले नाहीत ती माणसे पत्र्याच्या दोन बाजूंना उभी राहून एकच भाषा बोलत होती, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आमच्याकडे गन धरत ते गृहस्थ सातारा जिल्ह्यातले होते आणि सगळे त्यांना मामा म्हणत. माझे ठोके त्यांना फारसे लागत नसत. रिव्हेट भरत आला की गनचा आवाज बदलतो, आधीचा पोकळ खडखडाट आखूड आणि घट्ट होतो, आणि त्या क्षणी त्यांचे बोट ट्रिगरवरून निघालेले असे. मी दोन ठोके देईपर्यंत गन पुढच्या रिव्हेटवर गेलेली असायची. तरीही माझे दोन ठोके आल्याशिवाय त्यांनी पुढचा रिव्हेट कधी मारला नाही.

चौथ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. जागा अरुंद होती, मनगट वळवून डॉली धरावी लागत होती, आणि ती किंचित कलली. शेपटी सरळ न चेपता एका अंगाला मुडपली. मी तीन ठोके दिले. असा रिव्हेट काढायचा म्हणजे त्याच्या डोक्यावर बरोबर मधोमध ड्रिल लावायचे, डोके उडवायचे आणि उरलेली दांडी पंचने हलकेच बाहेर पाडायची. चूक माझी म्हणून मीच काढतो असा हट्ट मी धरला, आणि ड्रिल मध्यावरून सरकले. भोक गोल राहिले नाही; इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे झाले. एक नंबर मोठा रिव्हेट घालून पाहिला, पण तेवढ्याने ते झाकले जाईना. संध्याकाळी पॅनेलला नापास झाल्याचा लाल टॅग लागला. त्या पॅनेलची किंमत माझ्या सहा महिन्यांच्या पगाराहून जास्त होती. सुपरवायझरने विचारले तेव्हा मामा म्हणाले, “गन माझ्या हातात होती.” मला मात्र त्यांनी बाहेर चहाच्या टपरीवर नेऊन एवढेच सांगितले, “रिव्हेट पुन्हा मारता येतो, पोरा. भोक पुन्हा भरता येत नाही.”

मी ते काम सोडले, डिप्लोमा पुरा केला आणि पुढे वेगळ्याच धंद्यात गेलो. पण विमान कारखान्यांत रोबो येऊ लागल्याच्या बातम्या वाचताना माझे लक्ष रोबोच्या वेगापेक्षा भोकाकडे जाते. विमान बांधणे हा मुख्यतः भोके पाडण्याचा उद्योग आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. बोइंग ७४७ मध्ये सुमारे ६० लाख भाग असतात आणि त्यांतले निम्मे फास्टनर, म्हणजे रिव्हेट, बोल्ट आणि तत्सम जोडकामाच्या वस्तू असतात, असे बोइंग कंपनीच सांगत आली आहे. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकासाठी कोणीतरी कधीतरी एक भोक पाडलेले असते. मोटारीसारखे वेल्डिंग करून इथे भागत नाही, कारण विमानाचा पत्रा ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा असतो (२०२४ आणि ७०७५ ही त्यांतली दोन प्रसिद्ध नावे, इथे २०२४ हे साल नव्हे) त्यांची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने ती निघून जाते. रिव्हेटचाही तोच स्वभाव. २०२४ चे रिव्हेट तापवून एकदम थंड केले की काही काळ मऊ राहतात आणि मग साध्या हवेत आपोआप कडक होऊ लागतात. म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवतात आणि बाहेर काढल्यावर दहा-वीस मिनिटांत मारून टाकावे लागतात. आमच्या कोपऱ्यातल्या फ्रीझरमध्ये उन्हाळ्यात एका नव्या पोराने ताकाची बाटली ठेवली होती, तेव्हा शांत स्वभावाचे मामा पहिल्यांदा आणि शेवटचे संतापलेले मी पाहिले.

भोकाची एवढी काळजी का, याचे उत्तर हवाईच्या आकाशात मिळाले होते. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला जाताना सुमारे २४,००० फुटांवर होते, आणि पुढच्या भागाचे छप्पर सुमारे १८ फूट लांबीत उखडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. बाकीची माणसे उघड्या आकाशाखाली, पट्ट्यांनी बांधलेली, जमिनीपर्यंत जिवंत पोहोचली. त्या विमानाने तोवर ८९,६८० उड्डाणे केली होती. प्रत्येक उड्डाणात विमानाचे पोट हवेच्या दाबाने किंचित फुगते आणि उतरताना पुन्हा बसते, आणि पत्र्यांना जोडणारा चिकट पदार्थ सुटत गेल्यावर हा सगळा ताण रिव्हेटच्या भोकांवर आला होता. रिव्हेटचे डोके पत्र्याशी समतल बसावे म्हणून भोकाचे तोंड शंकूसारखे खोल करतात, त्याला काउंटरसिंक म्हणतात; पत्रा पातळ असेल तर त्या शंकूच्या तळाशी सुरीच्या पात्यासारखी धार उरते. तडे तिथून सुरू झाले, आणि एका रांगेतल्या पुष्कळ भोकांचे बारीक तडे एकमेकांना जाऊन मिळाले. चौकशीत असे निघाले की विमानात चढताना एका प्रवासी स्त्रीला बाहेरून ती फट दिसली होती, पण ती कोणाशी काही बोलली नाही.

हे सगळे डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे कळते की मोटारीच्या कारखान्यात जो रोबो केव्हाच घरचा झाला, तो विमानाच्या कारखान्यात इतका उशिरा का आला. जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो १९६१ साली कामाला लागला. विमानाच्या पत्र्याला रिव्हेट मारणारी मोठमोठी स्वयंचलित यंत्रे पुष्कळ आधीपासून होती, पण ती एका जागी उभी असत आणि पॅनेल त्यांच्याकडे न्यावे लागे. दोन हातांच्या माणसासारखा विमानाभोवती फिरून काम करणारा रोबो ही गोष्ट मात्र प्रामुख्याने या शतकातली आहे. एक कारण साधे हिशेबाचे. एअरबसने २०२४ च्या अख्ख्या वर्षात ७६६ विमाने ग्राहकांच्या हवाली केली; मोठा मोटार कारखाना तेवढ्या गाड्या एका दिवसात बाहेर काढतो. रोबोची किंमत वसूल व्हायला लागणारी पुनरावृत्ती विमानात फार थोडी असते.

दुसरे कारण मला जास्त रंजक वाटते. आपले भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असले तरी ते रोज नेमके दहा मिनिटेच पुढे असते, आणि घरातल्या माणसांचे त्यामुळे अडत नाही. औद्योगिक रोबोचा हात असा असतो. एकदा शिकवलेल्या जागी तो हजार वेळा गेला तरी फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी पडतो. पण ‘अमुक अक्षापासून इतक्या अंतरावर जा’ असे नुसत्या आकड्यांत सांगितले तर तो जिथे पोहोचेल ती जागा एखाद्या मिलिमीटरने चुकीची असू शकते. मोटारीच्या कारखान्यात शिकवलेली जागा पुरते, कारण प्रत्येक गाडी आधीच्या गाडीसारखीच समोर येऊन उभी राहते. विमानाचे धड तसे येत नाही. ॲल्युमिनियमचा एक मीटर एका अंशाने तापला की सुमारे २३ मायक्रॉनने वाढतो. तीस मीटरचे धड आणि दहा अंशांचा फरक धरला तर ही वाढ जवळजवळ सात मिलिमीटर होते. भोकाची जागा मात्र त्याच्या कितीतरी लहान अंशात सांभाळायची असते. शिवाय ड्रिल दाबले की रोबोचा लांब हात स्वतःच वाकतो, आणि हात वाकला की ड्रिल पत्र्यावर सरकते. माझे सरकले होते तसेच.

इंजिनियरांनी यावर जे उपाय काढले ते पाहताना मला पदोपदी मामांची आठवण येते. रोबोच्या प्रत्येक सांध्यावर दुसरा मापक बसवला, म्हणजे आपला हात किती वाकला हे त्याला कळावे. टोकाला कॅमेरा लावला, म्हणजे आधीच्या खुणेची भोके शोधून त्याने आपली जागा त्यांच्यावरून ठरवावी. ड्रिलच्या भोवती दाब देणारी कडी बसवली, म्हणजे आधी पत्रा घट्ट दाबून मगच भोक पडावे. मामा डाव्या हाताचा तळवा पत्र्यावर टेकवून मग ड्रिल लावत, तो तळवा म्हणजे ही कडी. त्या दाबाचा आणखी एक फायदा आहे. दोन पत्रे एकत्र ठेवून भोक पाडले की मध्ये चुरा आणि कडेला बर, म्हणजे धातूची उभी राहिलेली खरखरीत धार, राहते. हाताने काम करताना पत्रे पुन्हा सुटे करून, बर काढून, पुसून, सीलंट लावून परत जोडावे लागतात. आमचा निम्मा दिवस त्यातच जाई. पत्रे पुरेसे दाबून धरले तर मध्ये बर शिरतच नाही आणि सोडवण्याची गरज उरत नाही.

इथवर सगळे ठीक होते. घोटाळा झाला तो पत्र्याच्या दोन बाजूंचा. बोइंगने २०१४ मध्ये जाहीर केले की वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट येथील कारखान्यात ७७७ विमानाचे धड रोबो जोडतील. त्याआधी धडाचे तुकडे मोठ्या पाळण्यासारख्या साच्यात ठेवून, उलटेसुलटे फिरवून, माणसे हाताने रिव्हेट मारत. नव्या पद्धतीत धड सरळ उभे राहणार होते आणि कुका या जर्मन कंपनीचे रोबो जोडीजोडीने काम करणार होते, एक बाहेर आणि एक आत. बाहेरचा भोक पाडून फास्टनर घालणार, आतला पलीकडून आधार देणार. एका विमानामागे सुमारे ६०,००० फास्टनर या जोड्या बसवतील अशी योजना होती. म्हणजे मामा आणि मी, फक्त पोलादाचे आणि न दमणारे.

ते जमले नाही. बाहेरच्या आणि आतल्या रोबोचा मेळ बसेना. अर्धवट राहिलेले काम मागाहून माणसांना हाताने पुरे करावे लागे, आणि ते कामाच्या ठरलेल्या क्रमाबाहेर करावे लागल्याने पुढची साखळी विस्कटत जाई. सुमारे सहा वर्षे झगडल्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये बोइंगने ही पद्धत सोडून दिल्याचे जाहीर केले. तिच्या जागी आणलेली व्यवस्था बोइंग ७८७ वर आधीच वापरत होती. धडाभोवती निर्वात कपांनी चिकटणारे लवचीक रूळ लावायचे, त्यावरून एक लहान यंत्र सरकत सरकत भोके पाडते, आणि फास्टनर कुशल कारागीर हाताने बसवतात. भोक यंत्राचे आणि रिव्हेट माणसाचा, अशी ती वाटणी झाली.

ही बातमी वाचली त्या दिवशी मला झालेला आनंद फारसा सज्जनपणाचा नव्हता. पण नंतर विचार करताना असे जाणवले की रोबोचा पराभव झाला तो ताकदीत किंवा अचूकपणात नव्हे. मामांनी दोन ठोक्यांची वाट पाहिली, तो पाव सेकंदाचा थांबा त्या व्यवस्थेला कदाचित साधला नसावा. आत काय झाले हे बाहेरच्याला कळले पाहिजे आणि कळल्यावर त्याने आपले पुढचे काम बदलले पाहिजे; पत्रा अपेक्षेपेक्षा थोडा पुढे असेल, फ्रेम थोडी तिरकी असेल, डॉली थोडी कललेली असेल. आम्ही हे न बोलता करत होतो, आणि न बोलता करत होतो म्हणूनच ते किती कठीण आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. हा माझा तर्क आहे. बोइंगच्या इंजिनियरांकडे अधिक चांगली कारणे असतील.

हॅम्बुर्गला एअरबसने वेगळा मार्ग धरला, आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो. जून २०१८ मध्ये तिथे ए-३२० जातीच्या विमानांची चौथी जुळणी-मालिका सुरू झाली, तेव्हा धडाचे दोन भाग जोडताना वरच्या बाजूची दोन हजारांहून जास्त भोके पाडण्याचे काम सात अक्षांच्या दोन रोबोंकडे दिले गेले. त्यांची नावे लुइझे आणि रेनाटे. पुढच्या वर्षी धड बांधण्याच्या नव्या मालिकेत वीस रोबो आले. त्यांतले आठ हलके रोबो धडाच्या लांबीत जाणाऱ्या जोडावर भोके पाडतात, आणि उरलेले बारा धडाचे भाग एकमेकांना गोलाकार जोडतात, एका जोडाला सुमारे ३,००० रिव्हेट या हिशेबाने. रोबोकडे कामाचा ठरावीक तुकडा आहे आणि बाकीचे काम माणसे करतात. लुइझे आणि रेनाटे ही नावे वाचून मला खंडेनवमीच्या दिवशी आमच्या ड्रिलिंग मशिनला वाहिलेले हळदकुंकू आणि झेंडूची माळ आठवली. जर्मन माणसे यंत्राची पूजा करत नाहीत, पण नाव ठेवणे हाही ओळख धरण्याचाच प्रकार आहे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. हाताच्या कौशल्याचे कौतुक मी करतो आहे ते हे काम सहा महिन्यांत सोडून. ज्यांनी ते तीस वर्षे केले त्यांच्या शरीराचा हिशेब वेगळा असतो. रिव्हेटिंगच्या कंपनांनी बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात, थंडीत बोटे पांढरी पडतात आणि बधिर होतात. वैद्यकशास्त्रात या विकाराला नाव आहे आणि तो धंद्यातून येणारा आजार म्हणून ओळखला जातो. कानांचे तर सांगायलाच नको. आणि अडचणीच्या जागा! दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने मिशिगनमधल्या विलो रन येथे बी-२४ बॉम्बर विमाने तासाला एक या वेगापर्यंत बांधली. एकूण ८,६८५ बांधली. तिथे पंखांच्या आतल्या चिंचोळ्या जागांत काम करण्यासाठी ठेंगण्या बांध्याची माणसे मुद्दाम नोकरीवर घेतली होती. आज कॅलिफोर्नियातल्या पामडेल येथे एफ-३५ लढाऊ विमानाच्या मधल्या धडाची जुळणी होते, तेव्हा इंजिनकडे हवा नेणाऱ्या वळणदार बोगद्याच्या आत रोबोचा हात शिरून भोके पाडतो. त्या बोगद्यात माणसाने पाठ वाकवून शिरण्यात मला काही काव्य दिसत नाही. रंगकामाचेही तेच. ७७७ च्या पंखांना पहिला हात देण्यासाठी रंगाऱ्यांच्या मोठ्या पथकाला साडेचार तास लागत, ते काम रोबो २४ मिनिटांत करू लागले, आणि रंगाची वाफ ज्यांच्या फुप्फुसांत जात होती त्यांच्यापैकी कोणी त्याबद्दल हळहळले असेल असे वाटत नाही.

विमानाचा एक भाग तर असा आहे जिथे माणसाची जागा रोबोने घेतली असे म्हणताच येत नाही, कारण माणूस तिथे फारसा नव्हताच. बोइंग ७८७ चे वजनाने निम्मे अंग कार्बन तंतू आणि राळ यांच्या मिश्र पदार्थाचे आहे. त्याच्या धडाची नळकांडी बनवताना फिरत्या साच्यावर यंत्राचे डोके कार्बनच्या अरुंद फिती एकाशेजारी एक अंथरत जाते, साडीच्या निऱ्या पाडाव्यात तशा नव्हे, तर मागावर ताणा लावावा तशा सरळ आणि ताणलेल्या. याच विमानाशी आपला नागपूरकडूनही एक धागा जुळतो. मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यात ७८७ च्या प्रवासी कक्षातल्या फरशीखालच्या, मिश्र पदार्थाच्या तुळया बनतात. हे काम सुरू करणारी टाल ही कंपनी मूळची पुण्यातली, यंत्रे बनवणारी. तिनेच ‘ब्राबो’ नावाचा देशी बनावटीचा औद्योगिक रोबोही बाजारात आणला. म्हणजे विमानाचा भाग आणि रोबोचा हात हे दोन्ही एकाच घरात वाढले. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात राहिलेल्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य असावा.

पण फिती अंथरणारे यंत्र कितीही नेमके असले तरी दोन नळकांडी शेवटी एकमेकांना जोडावीच लागतात. ७८७ च्या जोडांमध्ये राहिलेल्या फटी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाल्या. मर्यादा होती एका इंचाच्या हजार भागांपैकी पाच भाग, आमच्या भाषेत पाच थाउ, म्हणजे माणसाच्या एखाद्या जाडसर केसाएवढी. या आणि अशा दोषांपायी मे २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळात बोइंगला नवी ७८७ विमाने ग्राहकांना देता आली नाहीत. केसाएवढ्या फटीसाठी पंधरा महिने विमाने उभी राहिली, हे वाचताना मला फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांचा, आमच्या फीलर गेजचा तेलकट पंखा आठवत होता.

रोबोची सर्वांत मोठी देणगी माझ्या मते त्याची स्मरणशक्ती ही आहे. प्रत्येक भोक पाडताना ड्रिलवर किती दाब आला, काउंटरसिंक किती खोल गेला, पत्र्यांची एकूण जाडी किती भरली, हे सगळे तो नोंदवून ठेवू शकतो. मामांनी आयुष्यात काही लाख रिव्हेट मारले असतील; त्यांतल्या एकाचाही हिशेब कुठे लिहिलेला नाही. पण ५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ विमानाचे जे झाले ते पाहिल्यावर या देणगीचीही मर्यादा दिसते. त्या विमानात दाराच्या जागी बसवलेला एक बंद फलक सुमारे १५,००० फुटांवर उडून गेला. सुदैवाने १७७ जणांपैकी कोणी दगावले नाही. चौकशीत निघालेली हकिकत अशी की धड कारखान्यात आले तेव्हा त्या फलकाच्या शेजारच्या चौकटीतले पाच रिव्हेट सदोष आढळले होते. ते बदलण्यासाठी फलक उघडावा लागला, फलक उघडण्यासाठी चार बोल्ट काढावे लागले, रिव्हेट नीट बदलले गेले, फलक परत लावला गेला, आणि चार बोल्ट पुन्हा बसवलेच गेले नाहीत. फलक उघडल्याची नोंद कुठेही सापडली नाही.

मी हे वाचले तेव्हा माझे लक्ष त्या पाच रिव्हेटांवरच खिळले. कोणीतरी तीन ठोके दिले होते, आणि ते बरोबर दिले होते. दोष सापडला, दुरुस्तही झाला. घात झाला तो दुरुस्तीच्या वाटेवर, जिथे रूळ नसतो, रोबो नसतो आणि शिफ्ट बदलताना एका माणसाने दुसऱ्याला काही सांगायचे असते. धडावरची पहिली भोके जितकी अधिक यंत्राकडे जातील तितके माणसाच्या वाट्याला मुख्यतः हेच काम उरेल, काढणे, पुन्हा बसवणे, आणि आपण काय काढले ते सांगणे. आणि या कामासाठी लागणारा हात पहिली भोके पाडूनच तयार होत असे. नव्या पोरांनी तो कुठे तयार करायचा, याची चर्चा मला फारशी कुठे दिसत नाही.

गेल्या दिवाळीत मी मामांकडे गेलो होतो. ते आता गावी असतात. वय ऐंशीच्या आसपास आहे. टीव्हीचा आवाज अंगणातूनच ऐकू येत होता. मी त्यांच्या शेजारी बसून मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. पिवळ्या रोबोचा हात हिरवट धडाकडे जातो, थांबतो, पत्र्यावर कडी टेकवतो, आणि भोक पाडून मागे येतो. त्यांनी तो दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, “बर कोण काढतं?” मी त्यांच्या कानाजवळ जाऊन पत्रे दाबून धरण्याची युक्ती सांगितली. त्यांनी मान डोलावली. ती त्यांना पटली असावी. मग म्हणाले, “आणि आत कोण आहे?”

व्हिडिओत आतली बाजू कुठेच नव्हती. मग मी त्यांना ७७७ ची गोष्ट सांगितली. आतही रोबोच ठेवला होता, सहा वर्षे खटपट केली, दोघांचे जमले नाही, शेवटी त्याला बाहेर काढून पुन्हा माणसे आणली. हे सांगताना माझ्या आवाजात विजय असणार, कारण ही बातमी मी त्यांच्यासाठी इतकी वर्षे जपून ठेवली होती.

“अरेरे,” मामा म्हणाले. उजव्या हाताची करंगळी कानात घालून त्यांनी ती थोडी हलवली, जणू तिथे अजून काही अडकले होते. “जमायला पाहिजे होतं रे त्याला.”

आतून मामींनी टीव्हीचा आवाज कमी केला. मामांना ते कळले नाही.